मान शेतकऱ्याला, दाणा कोणाला?

गेल्या कांहीं दिवसांत प्राचीन चीनविषयीं दोन व्याख्यानें ऐकण्याचा योग आम्हांस आला. दोन्ही वक्ते विद्वान् होते आणि दोघांनींही एकच गोष्ट मोठ्या थाटानें सांगितली. ती अशी कीं, जुन्या चीनमध्यें समाजाचे चार भाग मानीत; पहिला विद्वानांचा, दुसरा शेतकऱ्यांचा, तिसरा कारागिरांचा आणि सर्वांत शेवटचा व्यापाऱ्यांचा. एवढें सांगून पहिल्या वक्त्यानें अनुमान काढलें कीं, पहा, त्या देशांत शेतकऱ्याचा केवढा मान होता! दुसऱ्यानें अनुमान काढलें कीं, चार वर्ण हें कांहीं आपल्याच देशाचें लक्षण नव्हे, सर्व जुन्या राष्ट्रांत ते असतातच. टाळ्या दोघांनाही पडल्या. आम्ही मागच्या बाकावर बसलों होतों. आम्ही खेड्यांतले मास्तर. ट्रेनिंग कॉलेजांत असतांना हींच चार नांवें आम्हीं टिपणांतून पाठ केलीं आणि पुढें कित्येक वर्षें मुलांकडून पाठ करून घेतलीं. म्हणजे या चुकीचा थोडा वांटा आमच्याही माथीं आहे. तो फेडावा एवढ्याच हेतूनें हें लिहीत आहों.

आमच्या मतें पहिलें अनुमान फसवें आहे आणि दुसरें साफ खोटें आहे. दोघांनींही यादी वाचली. कणगी, चूल आणि दोरीवर वाळत घातलेलें वस्त्र पाहिलें नाहीं.

काळ कोणता तें आधीं सांगूं. इ. स. पूर्वीं २२१ या वर्षीं छिन राज्याच्या राजानें बाकीचीं राज्यें जिंकून चीनचें पहिलें साम्राज्य उभें केलें. त्यानें लिपी एक केली, वजनेंमापें एक केलीं, गाडीच्या दोन चाकांमधील अंतरसुद्धां एक केलें. हा डोलारा पंधरा वर्षांत कोसळला आणि त्याच्या जागीं हान घराणें आलें. मध्यंतरीं इ. स. ९ ते २३ पर्यंत वांग मांग नांवाच्या मंत्र्यानें गादी बळकावली होती. तेवढा काळ सोडला तर हान घराण्याचा अंमल इ. स. २२० पर्यंत चालला. इ. स. २ मधील खानेसुमारीचे आंकडे आजही उपलब्ध आहेत. त्यांत सुमारें १ कोटी २२ लाख कुटुंबें व ५ कोटी ९५ लाख माणसें नोंदलेलीं आहेत. म्हणजे घरटी पुरतीं पांच माणसेंही पडत नाहींत. चीनमध्यें एका छपराखालीं चार पिढ्या नांदत असत अशी वर्णनें जे करतात, त्यांनीं हा भागाकार एकदां पाटीवर करून पाहावा.

आतां त्या चार भागांकडे वळूं. शी, नोंग, गोंग आणि शांग अशीं त्यांचीं चिनी नांवें. त्यांचा आंकडा चार आहे, एवढेंच काय तें वर्णांशीं साम्य. जन्मानें ठरलेला धंदा, धंद्यानें ठरलेली पंगत आणि पंगतीनें ठरलेली सोयरीक, असा जो आपल्याकडचा तिपेडी दोर, तो तेथें वळलेला दिसत नाहीं. हान घराण्याचा संस्थापक ल्यू बांग हा शेतकऱ्याच्या पोटीं जन्मला आणि बादशहा होण्यापूर्वीं एका चौकीवरचा लहानसा अंमलदार होता. विद्वानाची टोपी दिसली कीं ती हिसकून घेऊन तींत लघवी करावयाची, ही त्याची खोड इतिहासकारांनीं नमूद करून ठेवली आहे. गोंगसुन होंग हा समुद्रकांठीं डुकरें राखीत असे. चाळिशी उलटल्यावर तो ग्रंथ शिकावयास बसला आणि इ. स. पूर्वीं १२४ त साम्राज्याचा मुख्य प्रधान झाला. (आमचीही चाळिशी उलटली आहे, प्रधानकी राहूं द्या, बदली देखील मनासारख्या गांवीं होत नाहीं.) डुकरें राखणारा प्रधान झाला म्हणून दरबार बाटला, असें कोणी म्हटल्याचें आमच्या वाचनांत नाहीं. तेव्हां वर्णव्यवस्थेच्या समर्थनार्थ चीनला साक्षीस ओढणें हें त्या देशावर अन्याय करणें आहे.

मग तेथें उच्चनीच नव्हतें काय? होतें, आणि भरपूर होतें. पण तें रक्तांत नव्हतें, दप्तरांत होतें. छिन राज्याचा मंत्री शांग यांग यानें इ. स. पूर्वीं ३५६ पासून ज्या सुधारणा सुरू केल्या, त्यांत लोकांना पायऱ्यापायऱ्यांच्या पदव्या लावून दिल्या. लढाईंत शत्रूचें एक मुंडकें आणलें कीं एक पायरी वर. पायरी चढली कीं जमीन अधिक आणि शिक्षा सौम्य. हान काळांत या पायऱ्या वीस होत्या. नवा बादशहा गादीवर बसला, युवराज नेमला, कीं सर्व पुरुषांना एकेक पायरी बक्षीस मिळे, आणि बायकांसाठीं दर शंभर घरांमागें बैल व दारू पाठवीत. मात्र सामान्य रयतेनें आठव्या पायरीच्या वर चढावयाचें नाहीं. तेथून पुढची शिडी वेगळ्या लोकांची.

रक्ताचा प्रश्न उघडपणें विचारणाराही एक निघाला. छेन शेंग हा दुसऱ्याच्या शेतावर राबणारा मजूर. इ. स. पूर्वीं २०९ त नऊशें लोकांना सरहद्दीच्या पहाऱ्यासाठीं नेत असतां पावसानें वाट अडली. वेळेवर न पोंचल्यास शिक्षा देहांताची. तेव्हां राजे आणि सरदार यांचें बीं कांहीं निराळें असतें काय, असा सवाल टाकून त्यानें बंड उभारलें. छिन साम्राज्याला पहिला सुरुंग लागला तो या मजुराच्या हातून. सिमा छिएन या थोर इतिहासकारानें त्याचें चरित्र राजघराण्यांच्या चरित्रांबरोबर घातलें, यावरून त्याची योग्यता कळून येईल. पण सिमा छिएन हा खरा इतिहासकार. त्यानें पुढची हकीकतही लपविली नाहीं. छेन शेंग राजा झाल्यावर त्याच्याबरोबर पूर्वीं शेतांत राबलेला एक जुना सोबती त्याला भेटावयास आला, वाड्यांत हिंडूं लागला आणि जुन्या दिवसांच्या गोष्टी मोकळेपणानें सांगूं लागला. राजाची प्रतिष्ठा जाते असें दरबाऱ्यांनीं सुचविलें, आणि छेन शेंगनें त्या सोबत्याचें डोकें उडविलें. त्यानंतर त्याचे बाकीचे जुने सोबतीही त्याला सोडून गेले. सहा महिन्यांत त्याच्याच सारथ्यानें त्याला ठार केलें. या गोष्टीचा पहिला अर्धा भाग सांगणारे वक्ते आम्हीं पाहिले आहेत. दुसरा अर्धा सांगणारा अजून भेटावयाचा आहे.

असो. आतां तो सुप्रसिद्ध मान.

इ. स. पूर्वीं १७८ च्या सुमारास छाओ त्सो नांवाच्या अधिकाऱ्यानें वेन बादशहाला एक अर्ज सादर केला. बान गू यानें तो आपल्या हान इतिहासांत उतरून ठेवला म्हणून आपल्यापर्यंत पोंचला. त्यांत पांच माणसांच्या घराचा हिशेब आहे. पांचांपैकीं निदान दोघांच्या मागें सरकारी वेठ लागलेली. जमीन फार तर शंभर मू, आणि धान्य फार तर शंभर शी. (हें मापाचें नांव, वरच्या विद्वान् शी लोकांशीं त्याचा संबंध नाहीं, असलाच तर खाण्यापुरता.) वसंतांत नांगरट, उन्हाळ्यांत खुरपणी, शरदांत कापणी, हिंवाळ्यांत सांठवण, मध्यें लांकूडफाटा, सरकारी इमारतींची डागडुजी आणि वेठ. चारही ऋतूंत विसावा नाहीं. त्यांतच आलागेला पाहुणा, मयताला जाणें, आजाऱ्याला भेटणें, पोरें वाढविणें. हें सर्व त्या शंभर शींत भागवावयाचें. पूर किंवा दुष्काळ आला आणि त्याच वेळीं पट्टीचा हुकूम आला, कीं ज्याच्यापाशीं धान्य आहे तो निम्म्या किंमतीनें विकतो, ज्याच्यापाशीं नाहीं तो दामदुपटीनें कर्ज काढतो. मग शेत जातें, घर जातें, शेवटीं पोर विकावें लागतें. कायद्यानें व्यापारी हलका ठरविला तरी तो श्रीमंत व मानकरी होऊन बसला आहे, आणि कायद्यानें शेतकरी थोर ठरविला तरी तो दरिद्री व हलका होऊन बसला आहे, असा छाओ त्सोच्या तक्रारीचा आशय. हें बावीसशें वर्षांपूर्वीं बादशहाच्या तोंडावर सांगितलें गेलें. आमचे वक्ते अजून पहिल्याच पानावर आहेत.

छाओ त्सोनें उपाय मात्र असा सुचविला कीं, जो सरकारांत धान्य भरील त्याला पदवी द्यावी आणि गुन्ह्याची माफी द्यावी. म्हणजे धान्याला भाव येईल. बादशहानें तो मानला. आतां वाचकहो, ज्याच्या कणगींत बियाण्यापुरतें धान्य उरत नाहीं, तो पदवी विकत घेणार कोठून? आजार अचूक ओळखून औषध भलत्यालाच पाजणारे वैद्य सर्व काळीं असतात.

कोणी म्हणेल कीं शेतसारा तर फार हलका होता. होय, होता. इ. स. पूर्वीं १५६ पासून तो उत्पन्नाच्या तिसावा हिस्सा ठरला, आणि त्यापूर्वीं कांहीं वर्षें तर तो अजिबात माफ होता. इतिहासाच्या पुस्तकांत हें वाक्य हमखास असतें. पण सारा हलका होणें म्हणजे जमीन ज्याच्या मालकीची त्याचें ओझें हलकें होणें. ज्याच्यापाशीं जमीनच नाहीं, तो मोठ्या जमीनदाराची जमीन अर्धेलीनें करी. त्याला तिसावा हिस्सा काय आणि साठावा हिस्सा काय, निम्मी रास खळ्यावरूनच उचलली जाई. वांग मांग यानें इ. स. ९ मध्यें आपल्या जाहीरनाम्यांत हेंच बोलून दाखविलें: नांवाला तिसांत एक, प्रत्यक्षांत दहांत पांच. त्यानें सर्व जमीन सरकारी करून वांटण्याचा आणि गुलामांची विक्री बंद करण्याचा हुकूम काढला, आणि तीन वर्षांत तो मागें घेतला. वांग मांगला ढोंगी म्हणण्याची पद्धत आहे. ढोंगी असेलही, पण आंकडा त्यानें खरा सांगितला.

शिवाय साऱ्यावर डोईपट्टी होती, आणि ती धान्यांत नव्हे तर नाण्यांत. पंधरा ते छप्पन्न वर्षांच्या दर माणसामागें वर्षाला १२० नाणीं. पुरुष असो वा बाई. व्यापाऱ्याला व गुलामाच्या मालकाला दुप्पट. इ. स. पूर्वीं १८९ त तर असा हुकूम निघाला कीं, पंधरा ते तीस वर्षांची बाई अविवाहित राहिल्यास पांचपट पट्टी. नाणीं शेतांत पिकत नाहींत. म्हणून सुगीच्या तोंडीं सगळ्या गांवानें एकाच वेळीं धान्य बाजारांत आणावयाचें, भाव पडावयाचे, आणि ज्या व्यापाऱ्याला दप्तरांत शेवटची जागा दिली आहे त्यानें तें भरून ठेवावयाचें. मान कोठें आणि दाणा कोठें, हें एवढ्यावरून स्पष्ट व्हावें. याखेरीज वेठ ती वेगळीच. इ. स. पूर्वीं १९२ त राजधानी छांगआनचा कोट बांधण्यासाठीं सहाशें ली टापूंतून १ लक्ष ४६ हजार बायकापुरुष तीस दिवस पकडून आणले होते. तो कोट छांगआनचा कोट म्हणून प्रसिद्ध आहे. त्या बायकापुरुषांचा म्हणून नव्हे.

व्यापाऱ्यांवर ल्यू बांग यानें बंदी घातली होती कीं त्यांनीं रेशीम नेसूं नये, गाडींत बसूं नये, हत्यार बाळगूं नये. बाजाराच्या वहींत ज्याचें नांव, त्याच्या वंशजाला सरकारी नोकरी नाहीं. पुढें वू बादशहाच्या कारकीर्दींत लढाया वाढल्या, खजिना आटला आणि मीठ व लोखंड यांचा मक्ता सरकारनें आपल्याकडे घेतला. तो चालविण्यास कोण नेमले? मिठाचा एक मोठा व्यापारी, लोखंडाचा एक मोठा कारखानदार, आणि हिशेबाला सांग होंगयांग, जो लोयांगच्या व्यापाऱ्याचा मुलगा! पैशाची गरज लागली कीं दप्तर डोळे मिटून घेतें.

या मक्त्याविषयीं इ. स. पूर्वीं ८१ त दरबारांत मोठा वाद झाला. देशांतून बोलावलेल्या साठएक विद्वानांनीं तक्रार केली कीं, सरकारी कारखान्यांतलीं अवजारें नेमलेला आंकडा भरण्यासाठीं घडविलेलीं असतात, तीं बोजड असून कापीत नाहींत, किंमत जबर, शेतकरी लांबून विकत घ्यावयास जावा तर अधिकारी जागेवर नसावा, म्हणून गरीब लोक लांकडानें नांगरतात, हातानें निंदतात आणि अळणी खातात. वादाचा निकाल काय झाला? दारूचा मक्ता उठला. मीठ आणि लोखंड राजधानीच्या मुलखांतली थोडी सवलत वगळतां जेथल्या तेथें राहिलें. त्या लोखंडाच्या कारखान्यांत बेड्या घातलेले कैदी राबत. इ. स. पूर्वीं २२ त यिंगछुआन येथें १८० आणि इ. स. पूर्वीं १४ त शानयांग येथें २२८ कैद्यांनीं बंड केलें, तेव्हां कोठें इतिहासानें त्यांची दखल घेतली. लोयांगजवळ १९६४ सालीं अशा कैद्यांचीं पांचशेंहून अधिक थडगीं उकरलीं गेलीं. प्रत्येकाशेजारीं एक फुटकी वीट, तीवर नांव, गांव, शिक्षा आणि मृत्यूची तारीख कोरलेली. चार भागांच्या यादींत हे कोठें बसतात? शी नव्हेत, नोंग नव्हेत. यादी चारांवर थांबते म्हणून समाज चारांवर थांबत नाहीं.

गुलामांचेंही तेंच. वांग बाओ नांवाच्या लेखकानें इ. स. पूर्वीं ५९ त गुलाम विकत घेण्याचा एक विनोदी करारनामा लिहिला. गोष्ट अशी: पाहुण्यानें एका विधवेच्या गुलामाला दारू आणावयास सांगितलें. तो गुलाम म्हणाला कीं, धन्यानें मला विकत घेतलें तें थडगें राखण्यासाठीं, परक्यांसाठीं दारू आणण्यासाठीं नव्हे. करारांत तसें लिहिलेलें नाहीं. तेव्हां पाहुण्यानें रागानें त्याला १५ हजार नाण्यांस विकत घेतलें आणि पहांटेच्या झाडलोटीपासून रात्रीच्या पहाऱ्यापर्यंत सर्व कामें करारांत घालून तो वाचून दाखविला. ऐकतां ऐकतां गुलाम रडूं लागला आणि आपण पहिल्यांदांच मुकाट्यानें दारू आणावयास हवी होती असें म्हणाला. येथें वाचकांनीं हंसावें अशी योजना आहे. त्या काळचे वाचक हंसले असतील. आम्हांस मात्र त्या गुलामाचा पहिला जबाब फार सरस वाटतो; लिहिलेलें नाहीं तें मी करणार नाहीं, हें कायद्याचें वाक्य त्यानें उच्चारलें, आणि लेखणी ज्याच्या हातीं होती त्यानें लगेच तें लिहून टाकलें.

शेतीच्या बाबतींत त्या लोकांची हुशारी कबूल केलीच पाहिजे. वू बादशहाच्या अखेरीस चाओ ग्वो या अधिकाऱ्यानें सरींत पेरून दर सालीं सरी व वरंबा यांची अदलाबदल करण्याची रीत पसरविली. बैलानें ओढावयाचें तीन फणांचें पेरणीचें अवजारही त्याच्याच नांवावर सांगतात. पिंगलू येथील हान काळच्या थडग्याच्या भिंतीवर पेरणीचें चित्र आहे. तें आमच्या गांवच्या कोणाही कुणब्याला दाखविलें तर तो त्याला तिफणच म्हणेल.

आतां वस्त्राकडे वळूं. उत्तरेकडचें सामान्य माणूस राळे खाई आणि वाखाचें जाडेंभरडें कापड नेसे. कापूस तेथें अजून पोंचला नव्हता. "कापडवाला" म्हणजे रेशीम नेसण्याची ऐपत नसलेला, हाच सामान्य रयतेला त्या भाषेंत शब्द. गोंगसुन होंग प्रधान झाल्यावरही जाड्या कापडाची गोधडी पांघरी, आणि हें त्याचें ढोंग आहे अशी त्याच्यावर दरबारांत टीका झाली. डुकरें राखणाऱ्याला गोधडीची सवय राहिली, तर तें ढोंग कसें, हें आम्हांस कळत नाहीं. उलट बाजूस हूनान प्रांतांत छांगशाजवळ मावांगदुइ येथें १९७२ सालीं एका सरदाराच्या बायकोचें थडगें उकरलें. तींत पातळ रेशमाचा एक अंगरखा निघाला. त्याचें वजन अवघें ४९ ग्रॅम. बाईच्या पोटांत कलिंगडाच्या जातीच्या गोड फळाच्या १३८ बिया न पचतां तशाच राहिलेल्या होत्या. तिच्या नवऱ्याला ७०० घरांचें उत्पन्न लावून दिलेलें होतें. सातशें घरांनीं काततां विणतां एका अंगरख्याचें वजन किती कमी करतां येतें, याचा तो नमुना आहे.

आम्ही चिनी, हें ओळखावयाचें कशावरून? रक्तावरून नव्हे. केस बांधून त्यांत कांटा खोंवलेला असावा, अंगरख्याची पाळ उजवीकडे मुडपलेली असावी, शेतांतलें धान्य खावें, पूर्वजांच्या थडग्यांची निगा राखावी. हें करील तो आपला, न करील तो रानटी. ही कसोटी जन्माच्या कसोटीपेक्षां उदार, हें आम्ही मान्य करतों. पण तींत गर्व कमी नव्हता. दक्षिणेंत चाओ थुओ नांवाचा उत्तरेकडचाच एक अधिकारी स्वतंत्र राजा होऊन बसला होता. इ. स. पूर्वीं १९६ त हान वकील लू ज्या भेटावयास गेला, तेव्हां या राजानें तेथल्या युए लोकांसारखा केसांचा बुचडा बांधला होता आणि पाय पसरून तो बसला होता. लू ज्यानें सुनावलें कीं, तुमच्या वाडवडिलांचीं थडगीं उत्तरेंत आहेत. राजा सावरून बसला आणि म्हणाला कीं, फार दिवस इकडे राहून रीतभात विसरलों. ती विसरला होता कीं सोयीनें सोडली होती, हें ज्याचें त्यानें ठरवावें. युए लोकांवर राज्य करणाऱ्याला युए लोकांचा बुचडा उपयोगी असतो.

दुसरा मासला चोंगहांग युए याचा. वेन बादशहानें राजकन्येबरोबर त्याला बळेंच उत्तरेच्या श्योंगनू लोकांत धाडलें. तो तिकडेच मिळाला. त्यानें श्योंगनू राजाला सल्ला दिला कीं, चिनी रेशमाचा हव्यास धरूं नका. तें नेसून कांट्याझुडपांतून घोडा घातला कीं त्याच्या चिंध्या होतात. तुमचें चामडें आणि नमदा बरा. चिनी खाणेंही टाका. तुमचें दूधदही बरें. माणूस गमावला जातो तो लढाईंत नव्हे, ताटांत आणि पेटींत, हें या घरभेद्याला जितकें कळलें तितकें दरबारांतल्या पंडितांना कळलें नाहीं. त्याला देशद्रोही म्हणतात आणि तें बरोबरच आहे. पण त्याचें म्हणणें आम्हीं दोनदां वाचलें.

याच सरहद्दीवरच्या वूयुआन जिल्ह्यांत सव्वातीनशें वर्षांनीं त्स्वेइ शी नांवाचा सुभेदार नेमला गेला. तेथल्या जमिनींत वाखाचें झाड उत्तम येई, पण लोकांना विणणें ठाऊक नव्हतें. हिंवाळ्यांत वस्त्र नाहीं म्हणून ते गवताचा ढीग करून त्यांत निजत, आणि सरकारी अंमलदार आला कीं तेंच गवत अंगावर घेऊन बाहेर येत. हे लोक खानेसुमारींत होते, डोईपट्टी भरीत होते. वस्त्रावरून माणसाची जात ओळखणाऱ्या साम्राज्यानें त्यांना कोणत्या जातींत धरावें? त्स्वेइ शीनें उपदेश केला नाहीं. त्यानें कोठारांतला माल विकला, चरखे आणि माग करून घेतले आणि लोकांना कातणें विणणें शिकविलें.

या त्स्वेइ शीवर आमचा लोभ आहे, आणि तो आम्ही लपवीत नाहीं. बापाच्या उत्तरक्रियेंत जमीनजुमला विकून तो कफल्लक झाला, तेव्हां या विद्वानानें दारू गाळून विकण्याचा धंदा केला. पहिल्या भागांतला माणूस आपल्या पायांनीं शेवटच्या भागांत उतरला! लोक हंसले, त्यानें धंदा सोडला नाहीं. त्यानेंच चार भागांच्या लोकांसाठीं महिनेवार कामांचें एक पुस्तक लिहिलें. त्यांत पेरणी आहे, रेशमाचे किडे आहेत, धान्य केव्हां घ्यावें व केव्हां विकावें हें आहे. थोरांचें घर देखील व्यापार करीत असे, हें त्यावरून उघड होतें. आणि त्यांत शाळा आहे. पहिल्या महिन्यांत दौतींतलें बर्फ वितळलें कीं लहान मुलांना शाळेंत घालावें. अकराव्या महिन्यांत दौत गोठली कीं लिहिणें बंद ठेवून वाचावयास लावावें. मोठ्या मुलांनीं शेतीचें काम नसेल तेव्हां वरच्या शाळेंत जावें. सुगींत वर्ग ओस पडतो म्हणून आम्हांला आजवर किती शेरे मिळाले! ज्यानें हें पुस्तक लिहिलें त्यानें शेत आणि शाळा दोन्ही पाहिलेलीं होतीं.

पण ही शाळा कोणाच्या मुलांची? ज्याच्या घरीं बैल, गुलाम आणि कोठार आहे त्याच्या मुलांची. राजधानींतील महाविद्यालय इ. स. पूर्वीं १२४ त ५० विद्यार्थ्यांनीं सुरू झालें आणि इ. स. च्या दुसऱ्या शतकांत तेथें ३० हजार झाले. नोकरीसाठीं मात्र शिफारस लागे. मातृपितृभक्त व निर्लोभी माणसाची निवड जिल्ह्याच्या अधिकाऱ्यानें करावयाची. जिल्ह्यांत निर्लोभी कोण, हें ठरवितांना थोरल्या घराण्यांतलींच नांवें पुढें येऊं लागलीं. हान काळाच्या अखेरीस युआन घराण्यांत चार पिढ्या सर्वोच्च पदें चालत आलीं. डुकरें राखणाऱ्यासाठीं जें दार उघडलें होतें, त्याला आंतून कडी लागली. जन्माची अट कोठेंही लिहिलेली नव्हती, आणि जन्म मात्र नेमका आंत गेला. मुलींविषयीं बान चाओ या विदुषीनें, जिनें भाऊ बान गू याचा अपुरा इतिहास पुरा केला, स्पष्ट विचारलें आहे कीं मुलांना शिकवितां आणि मुलींना नाहीं, हा कोठला न्याय. त्याच पुस्तकांत तिनें बायकोनें नवऱ्यापुढें कसें नमावें तेंही सविस्तर लिहिलें. पुढच्या लोकांनीं दुसरा भाग तेवढा उचलला.

हूपेइ प्रांतांत श्वेइहूदी येथें १९७५-७६ सालीं छिन काळचीं थडगीं उकरलीं. त्यांतल्या एकांत दोन लांकडी फळ्या सांपडल्या. हैफू आणि चिंग या दोन शिपाई भावांनीं इ. स. पूर्वीं २२३ च्या सुमारास मोहिमेवरून घरीं, चोंग या भावाला लिहिलेलीं तीं पत्रें. हैफू विचारतो कीं, पदवीचा सरकारी कागद घरीं पोंचला कीं नाहीं. आईनें उन्हाळ्याचे कपडे शिवून पाठवावेत. आपल्याकडे कापड स्वस्त असेल तर शिवूनच पाठवावेत, महाग असेल तर नुसते पैसे पाठवावेत, मी इकडे कापड घेईन. चिंग लिहितो कीं, आईनें पांचसहाशें नाणीं आणि चांगलें कापड पाठवावें; मी दुसऱ्याचे पैसे उसने घेऊन खर्चिले आहेत; घरून आलें नाहीं तर मरण आहे. नव्या सुनेनें वडीलधाऱ्यांकडे नीट पाहावें असेंही त्यांत आहे. आणि पैशाच्या मजकुराशीं घाईचा शब्द त्यानें एकामागून एक तीनदां लिहिला आहे.